मुलांना मैदानावर पाठवा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणाला मधोमध पाडलेली फट, आणि कडा बोटाला कापू नयेत म्हणून फटीभोवती पांढरी चिकटपट्टी.

*

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली चार पानं. आमच्या शाळेत ती जूनमध्येच स्टेपलरने एकमेकांना टाचून मुलांच्या हातात देत. माझ्या आधीच्या सरांनी पाडलेली पद्धत. पिना काढल्या तरी गंजाचे ठिपके राहत.

*

द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करायची कात्री बोटभर असते. दिवसभर चालवली की अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो.

*

"बाई, बॉल."

*

शाळा समितीचं इतिवृत्त, ठराव चौथा. 'सदर तासाला मुलांना मैदानावर पाठविण्यात यावे. सूचक : विज्ञान शिक्षिका. सर्वानुमते मंजूर.'

*

प्रवेश अर्जातला पालकांच्या सहीचा रकाना. निळं पेन.

*

या सगळ्याला आता वीस वर्षं झाली. क्रमाने सांगायला बसते. क्रम नीट लागला तर लागेल.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांच्या पट्ट्यात एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्या डिसेंबरात नववी 'ब'ला मी टाचलेली पानं उघडायला सांगितली. पिना उचकटायचा आवाज सगळ्या वर्गात एकदम झाला.

"हे प्रकरण घरी वाचायचं नाहीये," मी म्हणाले. "इथे शिकायचं. आणि जे विचारायची लाज वाटते ते या डब्यात टाकायचं. नाव घालायचं नाही."

"पण बाई, अक्षर तुम्ही ओळखणार की," पहिल्या बाकावरून शीतल मगदूम म्हणाली. हुशार, बोलकी पोरगी.

"म्हणून डाव्या हाताने लिहायचं."

वर्ग हसला. मुलं लगेच डाव्या हातात पेनं धरून हवेत गिरवायला लागली. मागच्या बाकावर एक जण काही न गिरवता बसून होता. सुदर्शन चौगुले. मामाकडे राहून शिकणारा, कमी बोलणारा, क्रिकेटमध्ये शाळेची पहिली ओव्हर टाकणारा. त्याचं लक्ष नाही असं समजून मी त्याला टोकलं.

"चौगुले, कळलं का काय सांगितलं?"

"डाव्या हातानं लिहायचं," तो म्हणाला.

"आणि सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची. एकाने एकच. प्रश्न नसेल तर कोरी टाका. म्हणजे कुणी विचारलं आणि कुणी नाही, ते कुणालाच कळणार नाही."

ही युक्ती सुचल्याचा मला फार अभिमान वाटला होता.

*

डबा भरायच्या आधीच सभा लागली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर. हॉलमध्ये साठेक पालक. अध्यक्ष महावीरअण्णा. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, आणि माणूस सरळ. हे लिहायलाच हवं, कारण त्या सभेत वाईट असं कुणीही नव्हतं.

"बाई," अण्णा म्हणाले, "तुमच्या शिकवण्यावर आमचा काडीचा आक्षेप नाही. माझी नात तुमच्यामुळं विज्ञानात पास झाली. पण आता पोरगं घरी येऊन आईला विचारतंय, मी कुठनं आलो. तिनं काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं."

"खरं!" बायकांच्या बाजूने आवाज आला. शीतलची आई, सुमनताई. "आमास्नी कुणी शिकवलं हुतं ओ बाई? झालीच की तीन!"

सभा हसली. मीही हसले. हसण्यातच एक गृहस्थ म्हणाले, "आणि बाईंना स्वतःला तर अजून..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. पुरं करायची गरज नव्हती. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिले. तांब्यावर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं होतं.

मुख्याध्यापक शिंत्रे सरांनी घसा खाकरला. "मला वाटतं, तूर्त हा विषय थांबवावा. पुस्तकात आहे, मुलं घरी वाचतील."

"टाचलेली पानं?" मी विचारलं.

हात वर करून मत घ्यायची वेळ आली. एकदा हात वर झाले की तास संपला, हे मला दिसत होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक पालक उभे राहिले. बेदाण्याची शेड होती त्यांची.

"पोरींचं मी समजू शकतो," ते म्हणाले. "पाळीचं कळाय पायजे, कुणी अंगाला हात लावला तर कळाय पायजे. पोरगी म्हटल्यावर घोर असतोय. पण पोरांना कशाला? पोरांना काय हुतंय?"

बऱ्याच माना हलल्या.

मी उठले. पुढचं वाक्य माझं आहे. इतिवृत्तात ते जड करून लिहिलंय, मी साधंच म्हणाले होते :

"मग त्या तासाला मुलांना मैदानावर पाठवते. फक्त मुलींना शिकवते."

हॉलमधला ताण सैल झाल्याचं ऐकू आलं. खुर्च्या हलल्या.

"खिडक्या लावून घ्या पण," अण्णा म्हणाले.

"घेईन."

"मग काय हरकत नाही."

जाताना सुमनताई माझ्याजवळ आल्या. "हसले म्हणून राग धरू नका बाई. माझी शीतल बसू दे. मला ह्यातलं काय सांगता याचं न्हाई तिला."

शिंत्रे सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. "जिंकलात बाई," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं होतं.

*

सोमवारी डबा फक्त मुलींत फिरला. मधल्या सुट्टीभर तो प्रयोगशाळेच्या खिडकीत होता. खिडकी मैदानाकडे. त्या सुट्टीत एकदा चेंडू आत आला. गजाला आपटून परीक्षानळ्यांच्या खोक्यात पडला.

"बाई, बॉल."

सुदर्शन. खिडकीबाहेर.

"फोडल्या असत्यास सगळ्या. आत येऊन घेऊन जा."

तो आला, चेंडू उचलला, आणि खिडकीशी उभा राहिला. मी वह्या तपासत होते. थोड्या वेळाने वर पाहिलं तर तो तिथेच.

"अजून काय?"

"काय न्हाई."

"मग पळ."

गेला.

चिठ्ठ्या मी रात्री घरी, जेवणं झाल्यावर उघडल्या. कोऱ्या नऊ होत्या. बाकीच्यांत पाळीचे सहा प्रश्न. एकीने विचारलं होतं, 'त्या दिवसांत लोणच्याला हात लावला की लोणचं खरंच नासतं का, आमचं नासलं नाही.' एकीने नुसतं 'दुखतं का' असं. सगळी अक्षरं वाकडी, मोडकी, पहिलीतल्या पोरांनी गिरवल्यासारखी. मला हसू येत होतं.

मग एक चिठ्ठी आली, तिचं अक्षर सुंदर होतं.

किंचित डावीकडे रेललेलं, पण एका ओळीत, सारख्या उंचीचं. ते मी कुठल्याच वहीत पाहिलं नव्हतं. लिहिलं होतं :

'आपल्याला नको असताना कुणी रोज अंगाला हात लावतं आणि आपण कुणाला सांगितलं नाही तर आपली पण चूक असते का. आता सांगितलं तर उशीर झाला का.'

पूर्णविराम होते. प्रश्नचिन्ह एकही नव्हतं.

*

मी चिठ्ठी शिंत्रे सरांना दाखवली. ते दोनदा वाचून चष्मा पुसत बसले.

"कोण आहे?"

"माहीत नाही. पण हे अक्षर सवयीच्या हाताचं आहे, सर. ही मुलगी मूळची डावखुरी. पहिलीत हातावर छडी मारून हिला उजवा हात धरायला लावलाय. शाळेत उजव्याने लिहिते, म्हणून मला हे अक्षर माहीत नाही."

"मग शोधा तिला. पण जपून. सभा होऊन चार दिवस नाही झाले."

"मला नाव नकोच आहे आधी. उत्तर तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे. गुरुवारच्या तासाला पहिलं तेच घेते."

"आणि ती त्या दिवशी गैरहजर असली तर?"

तो प्रश्न मला रास्त वाटला. म्हणून मी शोधायला लागले. मंगळवारी मुलींना वर्ग झाडायला लावला, बघायला की झाडू कुठल्या हातात धरतात. दोऱ्या आणून उड्या मारायला लावल्या. सुया ओवायला दिल्या. बुधवारी संध्याकाळी स्कूटरवरून मगदुमांच्या बागेवरून जात होते, तेव्हा वेलीखाली शीतल मणी विरळ करताना दिसली. घड उजव्या हातात, कात्री डाव्या हातात. झपाझप चालत होती.

मी स्कूटर थांबवली. बांधावर शीतलचे वडील पाइप जोडत होते. त्यांनी मान वर करून नमस्कार केला. मी केला नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

*

गुरुवार. मुलं मैदानावर. मुली बाकांवर. ठरल्याप्रमाणे मी खिडक्या लावत होते. दोन लावल्या. तिसरीशी आले तर बाहेर सुदर्शन उभा, अगदी भिंतीला लागून.

"काय रे?"

"बॉल आलाय का?"

चेंडू आला नव्हता. मी आत नजर टाकली आणि फळ्याखाली कधीचा तरी एक रबरी चेंडू पडलेला सापडला. मी तो गजांतून बाहेर धरला. त्याने डावा हात पुढे केला आणि घेतला.

"आता पुन्हा इकडे यायचं नाही," मी म्हणाले, आणि खिडकी लावून कडी घातली.

मग मी मुलींना उत्तर दिलं. पाठ केलं होतं. म्हणाले, चूक नसते. कधीच नसते. गप्प बसलं तरी नसते, घाबरून हसलं असेल तरी नसते, वर्ष झालं असेल तरी नसते. उशीर होत नाही. आज सांग, उद्या सांग, मला सांग. मी तुझ्यासोबत येईन. हे मी तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा शीतलकडे बघून.

शीतल आधी मागे वळून पाहायची, मग खाली बघायला लागली.

तासानंतर मी तिला थांबवलं.

"ती चिठ्ठी तुझी आहे ना?"

"कंची?"

"घाबरू नकोस. मला तुझा डावा हात माहितीये."

"बाई, माझी लोणच्याची हुती." तिचे डोळे भरले. "आई-शप्पथ."

"घरात कुणी आहे का, शीतल? वडील?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या दप्तरात हात घातलाय. मग पळाली.

शुक्रवारी सुमनताई आल्या. स्टाफरूमच्या दारातच उभ्या राहिल्या, चपला काढल्या नाहीत.

"पोरीला काय इचारलंय तुमी?"

मी उठले.

"रात्रभर रडली. मी तिला धा येळा इचारलं, खरं सांग, खरं सांग. ती म्हणती न्हाई. म्या इश्वास ठिवला न्हाई तिच्यावर. आपल्या पोटच्या पोरीवर!" त्यांचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "काल धरनं नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढताना मी त्येंच्या हाताकडं बघतीय बाई. पंधरा वर्षांत त्या माणसानं मला कधी वाकडं बोललेलं न्हाई. तुमी हे माझ्या घरात आणून ठिवलं."

"सुमनताई, मी..."

"सभा सुटल्यावर मी तुमच्या बाजूनं झाले हुते."

एवढं बोलून त्या गेल्या.

तास बंद झाला. या वेळी सभा लागली नाही, गरजच नव्हती. मीच शिंत्रे सरांना लिहून दिलं. शीतल पुढच्या जूनपासून तालुक्याच्या शाळेत गेली. डब्यात मी खडू ठेवायला लागले. पुढच्या वर्षी पानं पुन्हा टाचून आली, आणि ती कुणी टाचली, हे मी विचारलं नाही.

चिठ्ठी मात्र ठेवली. प्रत्येक नव्या वर्गाच्या वह्या आल्या की मी ते अक्षर शोधायचे. मुलींच्या वह्यांत.

*

गेल्या जूनची गोष्ट. पाचवीचे प्रवेश चालू होते, अर्ज मी घेत होते. एक माणूस मुलाला घेऊन आला. चौतीस-पस्तीसचा, कपाळावरचे केस मागे गेलेले. कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर.

"बाई, ओळखलंत? चौगुले. नववी ब."

"पहिली ओव्हर!"

तो हसला. मुलगा त्याच्या शर्टाचं टोक धरून उभा होता. त्याने समोरच्या बाकावर बसून अर्ज भरायला घेतला. डाव्या हाताने.

"तू डावखुरा?" मी म्हणाले.

"पहिल्यापासनं. आजोबांनी हात बांधून उजवा करायला लावला होता. नोकरी लागल्यावर सोडला तो उजवा. आता कोण मारतंय?"

मी अर्जाकडे पाहिलं. वडिलांचे नाव, पत्ता, व्यवसाय. किंचित डावीकडे रेललेलं. एका ओळीत, सारख्या उंचीचं.

मी मुलाला म्हणाले, "बाळ, जा, मैदान बघून ये." आणि मग लगेच म्हणाले, "नको. थांब. इथेच पायरीवर बस."

सुदर्शनने पेनाचं टोपण लावलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं.

"ती तुम्ही वाचली होती?" त्याने विचारलं.

"वाचली होती."

"मला वाटायचं, पोरींच्यात मिसळून हरवली. नाहीतर पोरानं टाकलीय हे कळल्यावर फाडून टाकली असंल तुम्ही."

"नाही रे."

"उत्तर दिलं होतं?"

"दिलं होतं. गुरुवारी, वर्गात. तीनदा दिलं."

त्याने मैदानाकडे पाहिलं. तिथे कवायतीसाठी चुन्याच्या रेघा मारणं चाललं होतं.

"मी खिडकीशी आलतो," तो म्हणाला. "तुम्ही मला बॉल दिला."

बाहेर पायरीवर त्याचा मुलगा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

"कोण होतं?" मी विचारलं.

"मामाच्या मळ्यात पाणी बघायला एक माणूस होता. आता नाही तो. मेला." मग म्हणाला, "दहावीची परीक्षा झाली तेव्हा सुटलो मी तिथनं. बाप न्यायला आला तेव्हा."

नववीच्या डिसेंबरपासून दहावीच्या मार्चपर्यंत. मी मनात महिने मोजले. पंधरा.

"काय सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"काय?"

"वर्गात. उत्तर काय दिलं होतं?"

मला ते पाठ होतं. वीस वर्षं पाठ होतं. म्हणाले, चूक नसते. कधीच नसते. गप्प बसलं तरी नसते. घाबरून हसलं असेल तरी...

त्याने अर्जाच्या कडेवर अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, जणू तिथे काही सांडलं होतं.

"घाबरून हसायचो मी," तो म्हणाला.

मग उठला. अर्ज माझ्यासमोर सरकवला. दारात वळून विचारलं, "तो तास आता असतो का?"

"नाही."

"चालू करा," तो म्हणाला. "आणि ह्याला बसवा." त्याने मुलाला हात दिला आणि दोघे मैदानाच्या कडेने फाटकाकडे गेले.

*

डबा फिरला त्या सोमवारी, वीस वर्षांपूर्वी, नववी 'ब'च्या एकवीस मुली हजर होत्या. डब्यातून चिठ्ठ्या बावीस निघाल्या. मी दोनदा मोजल्या होत्या.